पालिकेचं बोटिंग: धक्का पक्का बांधायचा की तरंगता?

सुकाणू
तलावात बोटिंग सुरू करायचं ठरलं की पालिकेच्या सभेत पहिला तास बोटींच्या रंगावर जातो. हंस घ्यायचा की बदक. धक्क्याच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. अंदाजपत्रकात 'काँक्रीटचा धक्का, पायऱ्यांसह' अशी एक ओळ असते आणि तिच्यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

चर्चेसाठी एक तलाव धरू. तुडुंब भरलेला असताना आणि पार उतरलेला असताना पातळीत ४ मीटरचा फरक. तळाशी गाळ. बोटी म्हणाल तर पॅडलच्या, वल्ह्याच्या आणि एक इंजिनाची बचावबोट. शिवाय स्वतःची बोट ट्रेलरवरून आणणाऱ्यांसाठी रॅम्प. माझं मत तरंगत्या धक्क्याचं. पण तो खांबांना धरायचा की साखळ्यांनी, आणि पुढे काय काय बिघडतं, ते जाणकारांनी सांगावं. पक्क्याची बाजू घेणारं कुणी असेल तर तेही हवंय.

खुंटी
पक्का वाईट नसतो, चुकीच्या पाण्यात वाईट असतो. वर्षभरात पातळी अर्ध्या मीटरच्या आत हलत असेल तर खुशाल पक्का बांधा. दोन माणसं कमी लागतात आणि लाटेत डोलत नाही.

बघायची गोष्ट एकच: धक्क्याची कड आणि बोटीची कड यांतलं अंतर. पॅडलबोटीची कड पाण्यापासून साधारण ४० सेंमी वर असते. धक्का तिच्या आसपास असेल तर माणूस पाऊल उचलून आत ठेवतो. तोच धक्का मीटरभर वर राहिला की माणूस आधी बसतो, मग पाय सोडतो, मग उडी मारतो. उडीचा धक्का बोटीला बसतो, ती बाहेर सरकते, आणि माणूस दोघांच्या मधल्या फटीत. बोटिंगमधले बरेचसे अपघात खोल पाण्यात नाही, या दीड फुटात होतात. ४ मीटरच्या फरकाला पक्का धक्का म्हणजे वर्षातले फार तर दोन महिने बरोबर उंचीवर.

ओलेपाय
आणि उरलेले दहा महिने तो 'निसर्गदर्शन गॅलरी' म्हणून उद्घाटनाला उपयोगी.

दगडी_पायरी
पक्क्याची बाजू मी घेतो. तुम्ही सगळे पायऱ्या विसरताय. पाणी कुठेही असो, कुठल्या तरी पायरीला लागतंच. शेकडो वर्षं लोक अशाच पायऱ्यांवरून होडीत चढत आलेत. विजेचा, बिजागरीचा, रोलरचा खर्च शून्य.

खुंटी
@दगडी_पायरी, सपाट तळाच्या होडीला चालतं, ती पायरीवर घासली तरी बिघडत नाही. फायबरची पॅडलबोट पायरीच्या धारेवर आपटली की जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, उडतो, आत पाणी झिरपतं आणि बोट दर मोसमाला जड होत जाते. दुसरं, पाण्याखालच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ धरतं. पाणी उतरलं की नेमक्या त्याच पायऱ्या वापरात येतात. रोज घासणारा माणूस ठेवला तर पायऱ्या उत्तम. ठेवतं कोण?

लंगर
तरंगत्याचं सांगतो. खांबांना धरलेला धक्का कड्यांमधून खालीवर होतो. कडीत रोलर हवेत. नुसती लोखंडी कडी खांबावर घासून रंग काढते, गंज धरतो, कडी अडकते, मग पाणी उतरलं तरी धक्क्याचा एक कोपरा वरच लटकतो. खांबावर प्लॅस्टिकची बाही चढवली तर कडी सहज सरकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक खांबाच्या उंचीची. आजवरची सर्वांत वरची पूरपातळी घ्या, तिच्यात पाण्यावर दिसणारी धक्क्याची उंची मिळवा, लाटेची मिळवा, वर आणखी निदान अर्धा-पाऊण मीटर. सरासरी 'भरलेली पातळी' धरून खांब कापले की मोठ्या पुरात धक्का कड्यांसकट खांबांच्या वर निघतो आणि सांडव्याच्या दिशेने प्रवासाला लागतो.

साखळ्यांचं उलटं. भरलेल्या पाण्याच्या हिशेबाने लांबी ठेवली की उतरलेल्या पाण्यात ढील पडते आणि धक्का काठावर येऊन आपटतो. म्हणून साखळ्या आडव्या फुलीत टाकतात: डाव्या कोपऱ्याची तळावर टाकलेल्या उजव्या वजनाला, उजव्याची डाव्या वजनाला. फुलीमुळे धक्का बाजूला कमी सरकतो. तरी वर्षातून काही वेळा ढील ओढावी लागते, त्यासाठी वरच छोटी विंच, म्हणजे साखळी गुंडाळून ओढायचं यंत्र, बसवा.

टाचणी
साखळीच्या टोकाला काँक्रीटचे ठोकळे टाकतात. त्यांच्या वजनाचा हिशेब बरेच ठेकेदार हवेतला देतात, तेवढं तपासा. काँक्रीट घनमीटरला २४०० किलोच्या आसपास. १ टनाचा ठोकळा पाण्यात गेला की सुमारे ४१७ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे तळावर त्याचं वजन उरतं ५८३ किलो. निविदेत '१ टन' लिहिलं की पाण्यात जेमतेम ६० टक्के मिळतात. बरं, ओढ आडवी असते आणि तळ गुळगुळीत. चिखलात रुतेपर्यंत तो ठोकळा घसरतच राहतो. तळाला खळगा असलेला, ओंजळ पालथी घातल्यासारखा ठोकळा सपाट ठोकळ्यापेक्षा चांगला रुततो.

ओलेपाय
ठोकळाही पाण्यात जाऊन हलका होतो. आमच्यासारखाच.

वल्हवणारी
धक्क्यापर्यंत जायच्या पुलाचं कुणीच बोलत नाहीये. चाकाच्या खुर्चीला १२ ला १ हा उतार ठीक. ४ मीटर उतरायचे तर पूल ४८ मीटरचा! कुठलीही पालिका तो बांधणार नाही. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या बांधकाम नियमांनी यावर तोडगा काढलाय: पूल ८० फुटांचा, म्हणजे २४.४ मीटरचा केला की पाणी अगदी खाली असताना उतार जास्त झाला तरी चालतो. आपल्या उदाहरणात सर्वांत खालच्या पातळीला उतार साधारण ६ ला १ होईल. तेव्हा मदतीला माणूस हवाच. पण पातळी वरच्या २ मीटरमध्ये आहे तोवर त्याच पुलावर खुर्ची कुणाच्या आधाराशिवाय जाते.

'इथे ६ मीटरचा पूल पुरे' म्हणणाऱ्याला उतरलेल्या पाण्यात त्या पुलावरून एकदा भरलेली बादली घेऊन उतरायला लावावं.

लंगर
+१. पुलाचं वरचं टोक बिजागरीवर आणि खालचं चाकांवर, धक्क्यावर मोकळं. पूल आडवा असताना आणि ४ मीटर खाली झुकलेला असताना खालचं टोक सुमारे ३४ सेंमी मागेपुढे सरकतं. चाकांखालची पट्टी एवढ्याला पुरून उरेल अशी, निदान ७०-८० सेंमीची हवी. पट्टी आखूड असली की चाक कडेवरून उतरून फळ्यांत रुततं, मग सगळा ताण बिजागरीच्या पिनेवर.

पुलाचं अर्धं वजन धक्क्याच्या त्या टोकावर येतं, हेही विसरतात. तिथे जादा तरंगे दिले नाहीत तर उद्घाटनाच्या दिवसापासून धक्का पुलाकडे कललेला. पाणी तिथेच साचतं, फळी तिथेच कुजते.

जिज्ञासू_बेडूक
ते प्लॅस्टिकचे चौकोनी ठोकळे जोडून केलेले धक्के हल्ली सगळीकडे दिसतात. ते कसे? बसवायला एक दिवस लागतो म्हणे.

टाचणी
बसवायला एक दिवस लागतो, हे खरं. सर्रास मिळणारा ठोकळा ५० × ५० × ४० सेंमीचा. आकारमान १०० लिटर, म्हणजे पूर्ण बुडाला तर १०० किलो उचलेल. स्वतःचं वजन ६-७ किलो वजा करा. चौरस मीटरला चार ठोकळे, म्हणजे ३७० किलोच्या आसपास. माहितीपत्रकात हाच आकडा ठळक छापतात. पण तो ठोकळा पाण्याशी समतल होईपर्यंतचा आकडा आहे! वापरासाठी निम्मा धरा, म्हणजे भार आला तरी २० सेंमी पाण्यावर राहील.

बिघडतं ते कोपऱ्यातल्या पिनांपाशी. चार ठोकळ्यांचे कान एकावर एक येतात आणि मधून एक पीन जाते. लाटेने कान रोज हजारो वेळा हलतात, भोकं मोठी होतात. कडेच्या पिना आधी जातात, कारण बोट तिथे बांधतात. म्हणून बोटीचा दोर एकाच कानाला बांधू नका. कडेने लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी लांबवर जोडा आणि खुंट्या तिच्यावर बसवा. ओढ दहा ठोकळ्यांत वाटली जाते.

दगडी_पायरी
लोखंडी पिंप आणि वर फळ्या. स्वस्त, गल्लीतल्या फॅब्रिकेटरला जमतं. उगाच प्लॅस्टिकचं कौतुक.

टाचणी
पिंप पाण्याच्या रेषेवर गंजतं, नेमकं जिथे हवा आणि पाणी दोन्ही लागतात. सुईएवढं भोक पडलं की पिंप आत भरत जातं आणि वरून काही कळत नाही. एक दिवस कोपरा बसतो. वापरायचंच तर आत फोम भरा, भोक पडलं तरी पाणी शिरायला जागा नाही. आणि नुसता थर्माकोल उघडा बांधू नका. तो लाटेने कण कण सुटतो, उंदीर पोखरतात, पेट्रोल सांडलं तर विरघळतो आणि काठभर पांढरे मणी. त्याला बंद कवच हवंच.

खुंटी
रुंदी पण लिहून ठेवा. दीड मीटरचा तरंगता धक्का म्हणजे झोपाळा. जिथे माणसं चढउतार करतात तिथे निदान अडीच-तीन मीटर. बोट लागली की रांगेतली सगळी त्या कडेला जातात, आणि अरुंद धक्का तिकडे कलतो.

इतिहासाचा_चश्मा
गर्दी एका कडेला गेल्याने काय होतं, त्याचं सर्वांत भयंकर उदाहरण बोटीचंच आहे. शिकागो नदीत २४ जुलै १९१५ ला 'ईस्टलँड' ही जहाजबोट धक्क्याला बांधलेली असतानाच उलटली. ८४४ माणसं गेली. काठ हाकेच्या अंतरावर. बोट मुळातच वरून जड होती. टायटॅनिकनंतर आलेल्या नियमांमुळे तिच्यावर जादा जीवरक्षक होड्या चढवल्या होत्या, आणि त्या वजनाने तिची वरजड आणखी वाढली.

ओलेपाय
म्हणजे सुरक्षेचं सामान वर ठेवलं म्हणून बुडाली. यावर हसायला येत नाहीये.

वल्हवणारी
यातून बोटीवर किती माणसं बसवायची हा विषय निघतोच. पाटीवर '४ व्यक्ती' लिहिलेलं असतं, पण किती किलोच्या? छोट्या बोटींच्या भारासाठीच्या आयएसओ मानकात मोठ्या माणसाचे ७५ किलो धरतात. चौघे ९०-९० किलोचे आले तर पाचवा अदृश्य माणूस बसलाय असं समजा. पाटीवर माणसं आणि किलो दोन्ही लिहा, जे आधी भरेल ते खरं.

लांबी गुणिले रुंदी भागिले १५, फुटांत, हे सूत्र फिरत असतं. १२ फूट लांब, ५ फूट रुंद, भागाकार ४. ते अमेरिकन तटरक्षक दलाचं, २० फुटांखालच्या, एका पोटाच्या, म्हणजे खाली एकच तरंगता भाग असलेल्या बोटींसाठीचं आहे. दोन पोटांच्या पॅडलबोटीला किंवा हंसाला लावू नका. हंसाची मान बघायला छान, पण तेवढं वजन वर जातं आणि वाऱ्याला शीड मिळतं ते वेगळंच.

सुकाणू
वाऱ्याचा मुद्दा बरा काढलात. किती वाऱ्याला बोटिंग बंद करायचं?

वल्हवणारी
पांढरे फेस दिसू लागले की. बोफोर्ट मापात ४ नंबर म्हणजे ताशी २० ते २८ किमी, तेव्हा फेस बऱ्यापैकी दिसतात. पॅडलबोटीला दोन धडधाकट माणसं ताशी ४-५ किमीने नेतात, तीही वारा नसताना. २० च्या समोरून परत येताना पाय फिरतात, बोट जागची हलत नाही. म्हणून २० ला नवी तिकिटं बंद आणि बाहेरच्या बोटी परत. २८ ची वाट पाहायची नाही. आणि वारा मोजायचं यंत्र तिकीटघराच्या आडोशाला लावू नका, तिथे कायम १० च दिसतं.

धक्क्याची जागा ठरवताना वारा कुठून येतो ते बघाच, कारण दोन्हीकडून पेच आहे. वारा ज्या काठाकडून तलावात वाहतो तिथे धक्का ठेवला तर धक्क्यापाशी पाणी शांत, चढउतार सोपी. पण दमलेली मंडळी आपोआप पलीकडच्या काठाला जाऊन लागतात. समोरच्या काठाला ठेवला तर वारा सगळ्यांना घरी आणून सोडतो, पण लाटा धक्क्यावर आपटतात आणि टाचणींच्या त्या पिना लवकर झिजतात. बचावबोट कायम तयार असेल तर मी पहिली जागा घेईन.

लंगर
'कायम तयार' म्हणजे काय तेही लिहून द्यावं लागतं, नाहीतर ती ताडपत्रीखाली झोपलेली. रोज सकाळी इंजिन पाण्यात पाच मिनिटं चालवायचं, थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून येते का बघायचं, टाकी अर्ध्याच्या वर, बंद करायची दोरी चालकाच्या मनगटाला किंवा मांडीला अडकवून एकदा ओढून पाहायची. महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होतं, आणि इंजिन नेमकं हवं तेव्हा फुरफुरून बंद पडतं. पंख्याभोवती जाळी असावी, कारण ही बोट पाण्यात पडलेल्या माणसाजवळ जाणार आहे. जवळ पोचलं की इंजिन न्यूट्रलला.

जिज्ञासू_बेडूक
जॅकेटांचं काय? ढिगातून कुठलंही उचलून देतात आणि त्याचं बक्कल तुटलेलं असतं.

पाणकोंबडी
जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो: ५०, १००, १५०, २७५. ५० चं पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना. ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवत नाही. पालिकेच्या तलावात तिकीट काढणाऱ्याला पोहता येतं की नाही कोण विचारणार? म्हणून १०० चंच घ्या. मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. नाहीतर मूल खाली आणि जॅकेट वर.

जुनं जॅकेट तपासायचा साधा उपाय. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५.१ किलो वजन पेलायला हवं. पण लोखंड पाण्यात सुमारे १३ टक्के हलकं होतं, म्हणून ५ किलोचं वजन टांगून उपयोग नाही, ते पाण्यात ४.४ च भरतं. ६ किलो लोखंड टांगा. आधी जॅकेट पाण्याखाली दाबून कापडात अडकलेली हवा काढा, मग सोडा. वर आलं तर पास. १०० ला दुप्पट. वर्षातून एकदा सगळी अशी तपासायची आणि आत तारीख लिहायची.

फोम मरतो तो दाबाने आणि उन्हाने. ढीग लावला की खालची चपटी होतात. लोक बसायला उशी म्हणून घेतात, तेही तसंच. दांडीवर टांगा, सावलीत वाळवा.

ओलेपाय
उशी म्हणून घेणाऱ्यांकडून जादा भाडं घ्यावं. 'आसनव्यवस्था शुल्क'.

पाणकोंबडी
:) काठावरच्या गोल ट्यूबचंही बोलून घेते. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांतली ट्यूब बाहेरून फार तर ८० सेंमी, आतून निदान ४० सेंमी, वजन अडीच किलोच्या खाली नाही, आणि गोड्या पाण्यात १४.५ किलो लोखंड २४ तास पेलणारी. फेकणाऱ्याला ती दहाएक मीटरच्या पुढे जात नाही. दोर भरलेली फेकपिशवी दीडपट-दुप्पट जाते. दोन्ही ठेवा. चोरीला जाते म्हणून कपाटाला कुलूप लावणं हा शुद्ध वेडेपणा. कागदी सील लावा, तुटलं की पाहणीत कळतं. आणि धक्क्याला शिडी हवीच, पाण्याखाली निदान तीन पायऱ्या उतरलेली. ओल्या कपड्यातला माणूस हातांच्या जोरावर स्वतःला वर उचलू शकत नाही, पायाला काहीतरी लागतंच.

तारकरी
धक्क्यावर दिवे लावणार असाल तर माझे दोन शब्द. गोड्या पाण्यात गळती वीज खाऱ्यापेक्षा घातक असते. खाऱ्या पाण्यातून वीज माणसाला वळसा घालून जाते. गोडं पाणी वाईट वाहक, त्यामानाने शरीर चांगलं, म्हणून वीज शरीरातूनच वाट काढते. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात, पोहणारा आवाज न करता खाली जातो आणि बघणाऱ्याला वाटतं दमला. धक्क्याच्या लाइनला ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच काठावर बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबून नोंद करा. दिवे १२ किंवा २४ व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर काठावर. कुणी पाण्यात पडून तडफडत असेल तर आधी मेन बंद, मग ट्यूब. उडी मारायची नाही.

सुकाणू
हे माझ्या यादीत अजिबात नव्हतं. धन्यवाद. रॅम्पवर कुणी बोलेल का?

ट्रेलरवाला_गडी
रॅम्पचा उतार १२ ते १५ टक्के. १२ च्या खाली गेलात तर बोट तरंगायला गाडी पार मागे न्यावी लागते, मागची चाकं आणि सायलेन्सर पाण्यात. १५ च्या वर गेलात तर ओल्या काँक्रीटवर भरलेला ट्रेलर ओढताना चाकं जागीच फिरतात.

खालचं टोक सर्वांत उतरलेल्या पातळीच्याही मीटरभर खाली जायला हवं. ४ मीटर फरक अधिक १ मीटर, १४ टक्क्यांनी भागलं की पाण्याच्या भरल्या रेषेपासूनच ३५-३६ मीटर लांबी झाली. पैसे वाचवायला टोक आखूड ठेवतात, आणि उतरलेल्या पाण्यात ट्रेलरची चाकं कडेवरून खाली पडून अडकतात.

चरे सरळ आडवे पाडू नका, त्यात गाळ बसतो. तिरपे, दोन्ही बाजूंना उतरणारे, माशाच्या काट्यासारखे, साधारण २५ मिमी खोल. पाणी आणि गाळ कडेला निघून जातो. पाण्याखाली ओतकाम नीट जमत नाही, म्हणून खालच्या भागाला तयार काँक्रीटच्या फळ्या एकमेकींना अडकवून वरून ढकलतात.

लंगर
टोकाच्या खड्ड्याचं सांगा की.

ट्रेलरवाला_गडी
येतोच. काही लोक विंचने ओढायचा कंटाळा करतात आणि इंजिनाचा जोर देऊन बोट ट्रेलरवर चढवतात. पंख्याचा झोत रॅम्पच्या टोकाखालची माती उडवतो. टोकाशी खड्डा, त्याच्या मागे उडालेल्या मातीचा ढिगारा. पाणी उतरलं की बोटीचा पंखा ढिगाऱ्याला घासतो आणि ट्रेलर खड्ड्यात. फळ्यांच्या खालून माती गेली की फळ्या लोंबकळून तुटतात. टोकाच्या पुढे दोन-तीन मीटर मोठे दगड किंवा जाळीतले दगड अंथरा, आणि 'इंजिन लावून चढवू नये' ही पाटी खाली, चालकाला दिसेल तिथे. प्रवेशद्वाराशी लावलेली पाटी कुणी वाचत नाही.

शेवाळ: पाणी उतरतं तसतसा उघडा पडलेला पट्टा लगेच ताठ ब्रशने आणि जोरदार पाण्याने धुवा. सुकू दिलं तर कवच होतं. ब्लीच ओतू नका, ते तलावातच जातं.

बोट तयार करायची जागा रॅम्पपासून लांब हवी. पट्टे सोडणं, सामान भरणं, बुडाचं बूच लावणं, सगळं तिथे. नाहीतर एक गडी रॅम्पवर पाऊण तास आणि मागे रांग.

ओलेपाय
बूच लावायला विसरलेल्याची बोट बाकी फार लवकर परत येते.

पाणकोंबडी
निघताना मात्र बूच काढायचंच! एका तलावातलं पाणी दुसऱ्यात नेऊ नये म्हणून. झेब्रा शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटीत उरलेल्या तांब्याभर पाण्यातून प्रवास करतात. जलपर्णीचा तर ट्रेलरच्या धुरीला गुंडाळलेला एक तुकडा पुरतो. पुसा, रिकामी करा, वाळवा. धुण्याच्या जागेचं पाणी परत तलावात जाणार नाही असा उतार द्या. हे अवांतर नाही, जलपर्णी पॅडलच्या आसाला गुंडाळली की बोट मध्येच उभी.

काठमोज्या
सगळा धागा वाचला, उत्तम. पण मूळ प्रश्नात एक आकडा गायब आहे. पातळी ४ मीटर खाली जाते हे कळलं. लांब किती जाते? काठ १० ला १ उताराचा असेल तर पाणी ४० मीटर मागे हटतं. मग तुमचा २४ मीटरचा पूल आणि त्याच्या टोकाचा धक्का उघड्या चिखलात बसतो. खांब असोत की साखळ्या, दोन्ही वाया.

खुंटी
अरेच्चा. आपण सगळे खालीवरच करत बसलो.

सुकाणू
बरोबर पकडलंत. उदाहरणातल्या तलावाला दोन काठ धरू या. बागेकडचा पसरट, १० ला १. दुसरा बांधाजवळचा, ३ ला १, पण तिथे सावली नाही, वाहनतळ लांब. सभेत सगळे बागेकडचाच म्हणणार.

काठमोज्या
३ ला १ च्या काठावर पाणी १२ मीटरच मागे हटतं. २४ मीटरच्या पुलाचं टोक तेव्हाही पाण्यात राहतं, धक्क्याखाली भरपूर पाणी. धक्का तिथे ठेवा, वाहनतळापासून पायवाट करा. पायवाट धक्क्यापेक्षा स्वस्त. मात्र बांधाच्या भरावात खांब ठोकू नका, आणि सांडव्यापासून लांब राहा.

बागेकडचाच हट्ट असेल तर चालता धक्का: लहान लहान भाग, पाणी मागे हटलं की विंचने पुढे ओढायचे, आणि मागे काठापर्यंत काँक्रीटची वाट उघडी पडत जाईल अशी. तीच वाट १२-१५ टक्क्यांना जमली तर रॅम्प आणि धक्का एकत्र होतो, पण १० ला १ काठावर त्यासाठी खोदकाम आलं. आणि ओढायला माणसं लागतात, दर दोन-तीन आठवड्यांनी.

दगडी_पायरी
म्हणजे शेवटी रोज माणूस लागतोच. मग पायऱ्या घासायला का नको?

खुंटी
@दगडी_पायरी, हा टोला मान्य. :)

टाचणी
मग खांब की साखळ्या? गाळ दीड-दोन मीटरच्या आत संपून खाली कठीण लागत असेल तर खांब. गाळ जाड असेल तर खांब फार खोल न्यावे लागतात, तिथे फुलीतल्या साखळ्या आणि रुतणारे ठोकळे. साखळी पहिल्यांदा झिजते ती तळाला जिथे उचलते-टेकते तिथे. नव्या कडीची जाडी नोंदवून ठेवा आणि दरवर्षी तिथेच कॅलिपर लावा. शॅकलच्या, म्हणजे साखळी जोडणाऱ्या यू-आकाराच्या कडीच्या, पिनेला तार गुंडाळा, नाहीतर लाटेने ती आपोआप उलगडते.

लंगर
निविदेत 'देखभाल एकरकमी' लिहू नका. महिन्याला किती दिवस किती बोटी, धक्का आणि बचावबोट चालू स्थितीत होती त्यावर बिल. तपासणीची वही धक्क्यावर, कार्यालयात नाही.

सुकाणू
ठरलं तर मग: बांधाकडचा काठ, २४ मीटरचा पूल, गाळ मोजल्यावर खांब किंवा साखळ्या. गाळ मोजायला साधा उपाय आहे का, की सर्वेक्षणवालेच बोलवायचे?

काठमोज्या
धक्क्याची रेषा पक्की करायला सर्वेक्षण लागेलच, पण अंदाज दोन माणसं एका होडीतून अर्ध्या दिवसात काढतात. काठाला दोन खुणा रोवा, त्यांच्या सरळ रेषेत आत जा, दर २ मीटरला थांबा. आधी दोरीला सपाट तबकडी बांधून सोडा, ती गाळावर टेकते, वाचन लिहा. मग त्याच जागी टोकदार गज जोडून केलेली नळी दाबा, जिथे थांबेल ते दुसरं वाचन. दोघांतला फरक म्हणजे गाळ. त्या दिवशीची पाण्याची पातळी मोजपट्टीवर वाचून वर लिहा, नाहीतर सगळे आकडे फुकट. आणि दोरी पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन ताणतं. खुणा दोरी भिजवून, तबकडी लटकवून मगच करा.